दत्ता गेला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती रोज माझा खोटा पाय पुसून कपाटाशेजारी उभा करते, पण त्या पायाची खरी हकिगत तिला ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते विचारू नका. धीर टिकेल तोवर सांगून टाकतो.

पुण्यात एखाद्या कंपनीत नोकरी केली असेल, तर तुम्ही मला ऐकलंही असेल. मी स्टेजवर येतो, काही न बोलता पँट गुडघ्यापर्यंत वर घेतो. हॉल चिडीचूप. मग मी सीमेवरच्या त्या वाटेबद्दल सांगतो — दोन्ही बाजूंना चुना लावलेले पांढरे दगड, दगडांच्या आत जीव सुरक्षित, बाहेर जमिनीत सुरुंग. माझा एक सोबती दगड ओलांडून बाहेर गेला. धमाका झाला. मी त्याच्या मागे गेलो, त्याला पाठीवर घेतलं आणि परतताना दुसऱ्या सुरुंगात माझा पाय गेला. तो वाचला नाही. शेवटी मी म्हणतो, "मागे राहिलेल्या माणसाला सोडून जाऊ नका. लीडरशिप म्हणजे एवढंच." टाळ्या. लोक डोळे पुसतात.

इथवर पोचलो कसा? पाय बसवायला पुण्यात आलो आणि इथलाच झालो. काचेच्या इमारती धडाधड उठत होत्या, संगणकवाल्या कंपन्यांना गेटवर माजी सैनिक हवेच होते. मीही एका गेटवर लागलो. एकदा त्या कंपनीचे मुंबईचे पाहुणे वक्ते घाटात अडकले. मॅनेजर म्हणाले, "अहो, तुम्हीच बोला की दहा मिनिटं." बोललो. त्यानंतर गेटवर उभं राहावं लागलं नाही. आधी प्रशासनाचा प्रमुख झालो, मग भाषणांची आमंत्रणं येऊ लागली, कोथरूडच्या आमच्या सोसायटीनं बिनविरोध चेअरमन केलं. पुण्यात दोन पायांच्या माणसाला कोणी हिंग लावून विचारत नाही. माझा एक गेला आणि बसायला खुर्च्याच खुर्च्या.

पण एक सांगतो. "मी त्याला पाठीवर घेतलं" — हे वाक्य आलं, की नसलेल्या पायाच्या तळव्याला खाज सुटते. दरवेळी. डॉक्टर म्हणतात, असं होतं. होत असेल. पण नेमकं त्याच वाक्याला? आणि टाळ्या सुरू झाल्या, की माझे डोळे एकेक रांग तपासत जातात — कोण टाळ्या वाजवत नाही? कोणाला शोधत होतो मी इतकी वर्षं?

त्याचं नाव दत्ता शेलार. साताऱ्याकडचा. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, चौकीकडे परतत होतो. तिथे चहा तयार होता. पांढऱ्या दगडांची वाट टेकाडाला वळसा घालून जायची. मी म्हणालो, एवढा वळसा कोण घालणार, चहा निवून जाईल. दत्ता म्हणाला, "वाट सोडू नकोस." मी त्याला भित्रा म्हणालो. आणि दगड ओलांडून निघालो — मी.

होय, मी. चहासाठी.

पाय गेला तो तिथेच, पहिल्याच धमाक्यात. मी ओरडत पडलो होतो. दत्ता आला. माझ्या बुटांच्या ठशांवर पाय ठेवत, एकेक ठसा बघत आला. गमछा माझ्या मांडीला आवळून बांधला, मला पाठीवर घेतलं. परत निघाला तोही त्याच ठशांवरून. पण पाठीवर माझं ओझं होतं. एक पाऊल वीतभर सरकलं. मी वर होतो म्हणून वाचलो. तो खाली होता.

इस्पितळात चौकशीला आमच्याच पलटणीतले सुभेदार आले. विचारलं, "दगडांच्या बाहेर कोण गेलं?" मी अर्धवट शुद्धीत होतो. म्हणालो, "दत्ता गेला." मला म्हणायचं होतं — गेला, संपला. त्यांनी लिहून घेतलं, दत्ता गेला. इथे थांबलो असतो, तर ती गुंगीतली चूक ठरली असती. पण तिसऱ्या दिवशी ते जबाब वाचून दाखवायला आले. 'शिपाई दत्ता शेलार दगडांच्या बाहेर गेला.' तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. सुभेदारांच्या पायातल्या बुटांचं पॉलिशसुद्धा मला आठवतं. "मी" एवढंच म्हणायला हवं होतं. मी सही केली.

मागच्या महिन्यात एका कंपनीत भाषण होतं. तिसऱ्या रांगेत एक मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. मान खाली. बाकीचे जेवायला गेले, ती दाराशी उभीच. मी लॅपटॉप उगाचच सावकाश आवरत राहिलो. मनात म्हटलं, आलं. ज्याची भीती होती ते आलं. खरं सांगू? कुठेतरी बरंही वाटलं.

"सर, मी दत्ता शेलारांची मुलगी," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा मी चार महिन्यांची होते."

मग ती वाकली. माझ्या पाया पडली. आधी खोट्या पायाला हात लावला.

"आईनं बजावलंय, कधी भेटले तर माफी माग. बाबांमुळं तुमचा पाय गेला. गावात अजून ऐकवतात आईला — स्वतः तर गेला, दुसऱ्याला लंगडा करून गेला. बाबांचा फोटो भिंतीवर नाही आमच्याकडं, ट्रंकेत असतो. पण तुम्ही भाषणात कधी त्यांचं नाव घेत नाही, आमची अब्रू राखता. आई म्हणते, लई मोठ्या मनाचा माणूस."

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. तोच एक शब्द आताही पुरला असता. पोरगी समोर उभी होती, डोळे भरलेले, आणि तिला तिचा बाप परत द्यायला मला एक शब्द पुरला असता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. स्टेजवरच्याच आवाजात म्हणालो, "जाऊ दे, बाळा. माणूस आहे, पाऊल चुकतं. मी त्याला कधीच माफ केलंय."

ती रडली. मग हसली. म्हणाली, "आईला आत्ताच फोन करते."

दोन वाजता दुसरी बॅच होती. मी स्टेजवर गेलो आणि पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली.