एकोणिसाव्या चित्रातली होडी

मी आज जो कोणी आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे आहे. तिचं नाव शेवंती. घरात आम्ही तिला बाय म्हणतो. आजवर जिथे जिथे मला माइकसमोर उभं केलं, तिथे मी बाबांचे आभार मानले, शाळेतल्या सरांचे मानले. बायचं नाव घ्यायचं राहून गेलं, म्हणून ते इथे सगळ्यात आधी लिहितो.

बारावीनंतर मी घर सोडलं त्या सकाळी मसुऱ्याच्या एसटी स्टँडवर तीच आली होती. आई मी पाचवीत असतानाच गेली होती. बाबा आले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "जातंस तर जा. पोथी खंय जाता?" कॉलेजचा फॉर्म बायने भरून घेतला होता, आणि बाबांसमोर उभं राहून तीच बोलली होती, "ह्येका जावंदेत बाबा. जल्मभर चित्रां उलटीत रवतलो काय?"

गाडी लागली तशी तिने आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वीणा माझ्या हातात दिली. ती वीणा तिची होती. बाबांनी तिला घरात वाजवायला करून दिली होती.

"आणि तू गो?"

"घरात बाबांची आसा."

"ते तुका हात लावक देतले?"

ती हसली. "चढ मेल्या वर, गाडी सुटतली."

मी चढलो. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा ती रिकामे हात पदराला पुसत उभी होती.

आमचं घराणं चित्रकथी सांगणाऱ्या ठाकरांचं. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोथी म्हणजे पुस्तक नव्हे. हाताने रंगवलेल्या सुट्या चित्रांचा तो गठ्ठा असतो. देवळात बसून एकेक चित्र फळीला टेकवून उभं करायचं, वीणेवर सूर धरायचा आणि त्या चित्रातली गोष्ट गाऊन, बोलून सांगायची. मग पुढलं चित्र. आमच्या घरची पोथी एका राणीची. राजाने हाकलून दिलेली राणी तान्हं मूल घेऊन खाडीपार माहेरी निघते. चित्रं एकेचाळीस. त्यांच्यामागे एक अक्षरही लिहिलेलं नाही. सगळं सांगणाऱ्याच्या तोंडात.

आणि एक रीत आहे. पोथी उघडली की शेवटच्या चित्रापर्यंत सांगायची. मध्ये उठायचं नाही. एकदा नवरात्रात पंगत बसली म्हणून देऊळ सगळं रिकामं झालं. बाबा आपले सांगतच होते. मी सात-आठ वर्षांचा, भुकेला. विचारलं, "बाबा, कोणाक सांगतास?"

"राणयेक," ते म्हणाले. "ती रानात हुबी आसा. तिका थयच ठेवन जेवक जावचा?"

मुंबईत मी पदवी घेतली. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. पुढे साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स केला आणि नोकरीने मला सिंगापूरला आणून सोडलं. इथे मी स्टुडिओत बसतो, दुसऱ्यांचे ट्रॅक मिक्स करतो, महिन्याला माझ्या वर्क परमिटचे कागद तपासतो. तक्रार नाही. ज्या मुलाने कंदिलाखाली नववी काढली, त्याला एवढं पुष्कळ झालं असं मी मनापासून मानत आलो.

इथेच मला मेइलिंग भेटली. ती पीपा वाजवते. पीपा हे चिनी लोकांचं जुनं तंतुवाद्य, पेरूसारख्या पोटाचं, मांडीवर उभं धरून पाची बोटांनी छेडायचं. ती ते ड्रमच्या, बेस गिटारच्या साथीने वाजवायची आणि तिच्या समाजातली म्हातारी माणसं नाकं मुरडायची. एकदा रेकॉर्डिंग संपल्यावर मी सहज वीणा काढली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे तू कपाटात ठेवतोस? तुला लाज वाटत नाही?"

तिथून आमचा बँड झाला. तिची पीपा, माझी वीणा, एक ड्रमर. मला वाटलं, मागे पडद्यावर आपली चित्रं दाखवली तर! सुटीत गावी आलो तेव्हा बाबांकडे चित्रांचे फोटो मागितले. त्यांनी पोथीचं फडकं सोडलं. मी पहिली एकोणीस चित्रं फोनमध्ये घेतली, कारण मला गोष्ट तेवढीच येत होती. पुढची शिकायच्या वयात मी कॉलेजला निघून गेलो होतो, आणि देवळात रात्री तिथवर येईपर्यंत मला नेहमी झोप लागलेली असायची.

बाबा म्हणाले, "बस. म्होरचा शिकवतंय."

मी म्हटलं, "बाबा, रविवारची फ्लाइट आसा."

"उघडतंस तर पुरी सांग हां."

"होय," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की आज तो आवाज आठवला तरी अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

एकोणिसाव्या चित्रात राणी होडीत बसते. मूल पोटाशी, भोवती पाणी, दोन्ही काठ चित्राबाहेर. आमचा कार्यक्रम आठ मिनिटांचा. होडी पडद्यावर आली, पीपा आणि ड्रम टिपेला गेले आणि दिवे बंद. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रमानंतर फूड कोर्टात नूडल्स खाताना मेइलिंगने विचारलं, "मग ती पोचली का?"

"पोचली असणार."

"असणार? तुझ्या राणीला पोहायला तरी येतं का?" मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिच्या गुरूंनी जुनी चीज अखेरपर्यंत हाताखालून गेल्याशिवाय तिला एक सूर बदलू दिला नव्हता. "मी वाट्टेल ते मिसळते," ती म्हणाली, "पण संपवते."

कार्यक्रमाचा व्हिडिओ गावात पोचला. बाय लग्न होऊन तोंडवलीला असते, नवरा रापणीवर जाळं ओढायला जातो. तिने माहेरी येऊन बाबांना तो स्वतःच्या फोनवर दाखवला. बाबांनी शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "म्होरचा खंय?"

"इतक्याच आसा, बाबा."

त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग पोथी फडक्यात बांधली आणि आढ्याला टांगली. घरातल्या एकाचं सांगणं अर्धं राहिलं असताना दुसऱ्याने पोथी उघडायची नाही, ही दुसरी रीत. त्या नवरात्रात देवळातला आमच्या घराचा मान बाबांनी घेतला नाही. पिढ्यांत पहिल्यांदा. लोक टोमणे मारायला लागले, "काय ठाकरानू, पोथी काय उंदरान खाल्ली?"

मी फोनवर समजावलं. "बाबा, ता फ्यूजन आसा. लोकांक तेवढाच व्हया."

"माका नाव सांगू नको. ती पाण्यात आसा काय नाय तां सांग."

"दिवाळीक येतंय. बसान पुरी शिकतंय."

दिवाळीला डेडलाइन आली. मग शिमग्याला येतो म्हटलं, तेव्हा बँडला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं, आणि तिथेही आम्ही होडीपर्यंतच वाजवलं. एका सकाळी बायचा फोन आला. बाबांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा बसली होती. ऐकू येतं, कळतं, बोलता येत नाही. बाय म्हणाली, "डाव्या हातान नुसती चादरेची कड उलटीत रवतत. एक उलटली की दुसरी." मग तिने विचारलं, "आता कोण सांगतलो रे?"

मी आठ दिवसांसाठी धावत गेलो. बाबांचं करायला माहेरी येऊन राहिलेली बाय माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. आढ्याची पोथी खाली काढून मी बाबांशेजारी बसलो, वीणा लावली आणि एकोणीस चित्रं सांगितली. ते माझ्याकडे बघत होते. होडी आली आणि मी थांबलो. त्यांचा हात चादरीची कड उलटत राहिला, पुढे, आणखी पुढे, आणि मला एक शब्द सापडेना. मी विसावं चित्र उभं केलं. त्यात एक म्हातारी दिवा घेऊन उभी आहे. ती कोण, काठावर आहे की राणीला भास होतोय, मला माहीत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मी पोथी बांधली आणि घरामागच्या परड्यात जाऊन बसलो.

परत आल्यापासून बाय माझा फोन उचलत नाही. मी जुन्या सगळ्या रेकॉर्डिंग ऐकल्या. सुटीत बाबांना बोलतं करून केलेल्या, त्यांनी खोकत खोकत म्हटलेल्या. सगळ्या पहिल्या एकोणिसांतल्या. त्यांतल्याच एकीत, बाबा अडखळतात तिथे, लांबून एक बाईचा आवाज पुढचा शब्द देतो. बाबा "गप गो" म्हणतात आणि नेमका तोच शब्द घेऊन पुढे जातात.

तो आवाज मी वर्षानुवर्षं ट्रॅकमधला कचरा म्हणून साफ करत आलो होतो.

आणि मग सगळं आठवलं. बाबा मला ओटीवर शिकवायचे तेव्हा बाय आत काजू फोडत बसलेली असायची. बाबा अडले की आतून शब्द यायचा. मी गेल्यावरही ती तिथेच होती, लग्न होईपर्यंत रोज. एकेचाळीसही चित्रांची गोष्ट तिच्या तोंडात आहे. पण पोथीसमोर बाईने बसायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही. पोथीसमोर बसायचा हक्क माझा, आणि मी तो तसाच टाकून निघून गेलो, जाताना तिची वीणाही घेऊन.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर पूर्वी मी खाडी, माड, सुकत घातलेली जाळी असं काहीबाही सांगत असे. आता मला घर म्हणजे एक हात दिसतो, चादरीची कड उलटणारा. डॉक्टर किती दिवस ते सांगत नाहीत. रात्रपाळी मागून घेतली आहे, रजा साठवतो आहे. बायला पत्र पाठवलं ते खाली देतो. शाळेत पत्र प्रमाण मराठीत लिहायला शिकवलं होतं, पण तसं लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, हापिसाक लिवलंस काय.

बाय,

फोन उचलू नको, पण ह्या वाच.

माका म्होरचा येणा नाय. तुका येता. बाबा अडकले की तू आतसून सांगी होतंस, तां माझ्या रेकॉर्डिंगात आसा. मी तां पुसून टाकी होतंय. माझा चुकला.

विसाव्या चित्रातली म्हातारी कोण गो? माका म्हाईत नाय. बाबा माझ्याकडे बघीत होते आणि माका म्हाईत नाय.

पुढच्या शनवारी मी येतंय. तुझी वीणा घेवन येतंय, ती आता परत नेवचंय नाय. बाबांच्या खाटल्याकडे पाट मांड आणि पोथयेसमोर तू बस. लोकांनी काय म्हणाचा तां म्हणांदेत, देवळात नाय बसणां, घरात बसतंव. मी बाजूक बसान चित्रां उलटतंय. तू म्हणी होतंस मां, जल्मभर चित्रां उलटीत रवतलो काय? उलटतंय. तू सांग.

पयल्यापास्ना नको सांगू. तेवढो वेळ आसा काय नाय, माका भय वाटता. होडयेपास्ना सांग.

बाबांक तोपर्यंत एवढाच सांगून ठेव, म्होरचा बाय सांगतली म्हणान. मी येतंय म्हणान सांगू नको. माझ्यार ते इस्वास ठेवचे नाय.

तुझो भाव