बोंडवाल्या लक्ष्मीचा शिक्का

धाकट्या शेठांचे पत्र मला अमरावतीला शाळेच्या पत्त्यावर आले, तेव्हा मी शिक्षक होऊन दोन वर्षे झाली होती. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांची सराफी पेढी होती आणि माझ्या वडिलांचे सारे आयुष्य त्या पेढीचे चांदीकाम करण्यात गेले होते. पत्रात लिहिले होते की, पेढीचा जुना, चांदीच्या नाण्यासारखा लक्ष्मीचा शिक्का या दिवाळीला पुन्हा काढायचा आहे, पण नेहमीसारखा पूजेपुरता नव्हे. टांकसाळीत संग्राहकांसाठी ‘प्रूफ’ नाणी काढतात, तसा. मागची जमीन आरशासारखी, वरची आकृती दुधासारखी पांढरी, मखमलीची डबी, आणि मोजके दोनशेच नग. सोन्यावर सरकारचे निर्बंध आल्यापासून सराफांना काहीतरी नवे हवेच होते. डबीत घालायला एक माहितीपत्रक लागणार होते. ते मी लिहावे, कारण मी पदवीधर.

त्या शिक्क्याचे चित्र माझ्या वडिलांनी कोरले होते.

लक्ष्मीच्या हाती कमळ असते. बाबांनी तिच्या हाती कपाशीचे फुटलेले बोंड दिले होते. कोणी विचारले की म्हणत, “कमळ तयात फुलते. आपल्या इकडं तयं कुठी हाय? काया मातीत जे फुलते थेच देलं तिच्या हाती.” कापूस विकून झाला की दर्यापूरकडचे शेतकरी बोंडवाली लक्ष्मी मागत पेढीवर येत. वरुडचे संत्रावाले थट्टेने विचारत, “आमची संत्रावाली कवा काढता?” आमच्या भागात ज्या घरात हा शिक्का नाही, असे घर मी तरी पाहिले नव्हते.

पण तो बाबांनी कोरला हे शिक्का घेणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. शिक्के ज्यातून पाडतात त्या पोलादाच्या ठशात, लक्ष्मीच्या आसनाखाली, त्यांनी आपल्या नावाची चार अक्षरे मुंगीएवढी उलटी कोरली होती. डझनभर शिक्के निघाल्यावर थोरल्या शेठांच्या, म्हणजे धाकट्या शेठांच्या वडिलांच्या, ती ध्यानात आली. “पेढीचं नाव हाय ना वर? मंग कारागिराचं काहून?” ठशात खोल गेलेले अक्षर पुसता येत नाही, त्यावर त्याहून खोल काहीतरी कोरावे लागते. बाबांनी तिथे कपाशीचे एक पान कोरले. त्यानंतरच्या हजारो शिक्क्यांवर ते पानच आहे. ही गोष्ट सांगताना बाबा चिडत नसत. “पान बी मीच कोरलं,” एवढेच म्हणत.

आमच्या धंद्यात एक रीत होती. नव्या ठशातून पडलेला पहिला शिक्का कोरणाऱ्याचा. तो विकायचा नाही आणि पूजेतही ठेवायचा नाही, कारण पूजेतली चांदी दरवर्षी चिंच-राखेने घासली जाते. बाबांनी तो कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत जपला होता. काळा पडला होता, पण भिंगाखाली चारही अक्षरे स्वच्छ वाचता येत.

मी शेठांना लिहिले की, माहितीपत्रकात कोरणाऱ्याचे नाव यावे, आणि ते नाव माझ्या वडिलांचे आहे. त्यांचे उत्तर सरळ होते. थोरले शेठ आता हयात नाहीत, आणि आणखी दोन घरांनी तोच दावा केला आहे. पुरावा दाखवा, नाव छापतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरात चौथीपुढे कोणी शिकले नव्हते. थोरल्या शेठांच्या एका चिठ्ठीवर मला अमरावतीच्या वसतिगृहात फुकट जागा मिळाली आणि त्या जागेवर मी बी.ए. झालो. त्या चिठ्ठीबद्दल मी तेव्हा कृतज्ञ होतो, आजही आहे. पण कृतज्ञ माणूस मागायला जातो तेव्हा अंग चोरून जातो. आपली वस्तू चांगली दिसावी, आपण नीटनेटके दिसावे, याचीच त्याला जास्त काळजी असते.

रविवारी अकोल्याला गेलो. बाबा पेढीवर गेले होते. मी आईकडे डबी मागितली.

“काहून रे? त्यायचा जीव की प्राण हाय थे. इचारलं का त्याईले?”

“माय, नाव छापून येणार आहे त्यांचं. आधी सांगितलं तर मजा जाईल.”

“मजा!” आई म्हणाली. “बी.ए. झाला तरी तुयी मजा काही गेली नाही. ने, पण जपून ने बापा.”

शेठांची भेट पुढच्या रविवारी ठरली होती. शिक्का मी अमरावतीला आणला. टेबलावर ठेवला तर तो काळपट, डागाळलेला दिसे. पत्रातला ‘आरशासारखी’ हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. असला मळका शिक्का मखमलीच्या डबीवाल्यांपुढे कसा ठेवायचा? अकोल्यात उजळून घेतला असता तर तिथल्या सराफ्यात सारे बाबांना ओळखत, बातमी घरी गेली असती. म्हणून अमरावतीच्या सराफ्यात एका पॉलिशवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे विजेवर फिरणारे कापडी चाक होते.

“किती चमकवू गुरुजी?”

“अगदी आरशासारखा,” मी म्हणालो.

दहा मिनिटांत त्याने तो हातात दिला. त्यात माझा चेहरा दिसत होता. मी खूश होऊन त्याला दोन आणे जास्त दिले. कोरीवकाम करणाऱ्याच्या घरात मी वाढलो होतो. रेघांमधला काळेपणा म्हणजेच चित्राचा जीव, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दुकानात मला त्यातले काही आठवले नाही.

शेठांनी गादीवर बसून भिंग लावले, शिक्का उजेडाकडे तिरपा केला, पुन्हा सरळ केला.

“मास्तर, नाव कुठी हाय?”

मी भिंग घेतले. आसनाखाली एक पुसट फुगवटा होता. बोटाने चिरडलेल्या मुंगीसारखा. त्यात कोणतेही अक्षर वाचता आले असते आणि कोणतेच वाचता येत नव्हते.

“मी तुमाले खोटं नाही म्हणत,” शेठ म्हणाले, आणि खरेच ते सौम्यपणे म्हणाले. “पण उद्या त्या दोन घरचे लोक येऊन उभे राहिले, त मी काय दाखवू? हे?” मग त्यांनी शिक्का पुन्हा उचलला. “पण चमकते मस्त. आमच्याकडचे सारे पूजेत घासून सपाट झाले. ठसे त कवाचेच मोडीत गेले. मुंबईचा ठसेवाला चांगला नमुना मागून राहिला. हाच पाठवतो.”

नको म्हणायला हवे होते. चित्रसुद्धा झिजले आहे हे मला भिंगाखाली दिसले होते. पापण्यांच्या रेघा गेल्या होत्या, बोंडातला कापूस सपाट झाला होता. पण नको म्हणायचे तर का ते सांगावे लागले असते. मी हो म्हणालो. माहितीपत्रकही मीच लिहिले. त्यात ‘पेढीच्या जुन्या कारागिरांनी घडविलेले चित्र’ असे वाक्य आहे. ते वाक्य मी तीनदा सुधारले होते.

बाबांना सांगितले की, शेठांनी तुमचा शिक्का नमुना म्हणून मुंबईला पाठवला.

“माया? मुंबईले?” ते उठून बसले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “नाव टाकतीन का रे?”

“बघू म्हणतात.”

पुढचे चार महिने ते ‘बघू’वर जगले. पेढीवर शेठांना त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. शेजाऱ्यांना मात्र सांगत की, पोरगा पाहून राहिला.

धनत्रयोदशीला पेढीवर छोटा समारंभ झाला. बाबा धुतलेले धोतर आणि नवी टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. मी माहितीपत्रक वाचून दाखवले. ‘जुन्या कारागिरांनी’ या शब्दांवर माझा आवाज जरा खाली गेला असावा, कारण मागून कोणीतरी म्हणाले, “मोठ्यानं बोला ना गुरुजी!” मी ते वाक्य पुन्हा, मोठ्याने वाचले. शेवटी जुने कारागीर म्हणून बाबांनाही एक डबी मिळाली.

घरी आल्यावर त्यांनी दारातल्या उन्हात बसून डबी उघडली. भिंग काढले. आई आणि मी उभे होतो. फार वेळ गेला.

“हे मायी नोहे,” ते म्हणाले. “हिचे डोये गेले. बोंडात कापूस नाही, नुसता गोया हाय. जमीन चमकवली आन् बाई आंधयी केली.” त्यांनी डबी मिटली. “नाव नाही टाकलं थे बरं झालं.”

मला वाटले, इथे संपले. संपले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी ते ताजेतवाने दिसले. रात्रभर त्यांनी विचार केला होता. “नमुना वापस मांग,” ते म्हणाले. “पहिली छाप हाय ती. ती समोर ठेवली की ठसेवाल्याले चूक दिसन. रेघ न् रेघ दाखवतो त्याले. मंग शेठही मानतीन, आन् नावाचंही होऊन जाईन.”

शिक्का तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होता. समारंभानंतर शेठांनी तो मला परत दिला होता.

“मुंबईहून आलाच नाही,” मी म्हणालो. “हरवला म्हणतात.”

आईने माझ्याकडे पाहिले. बाबांनी पाहिले नाही. शिकलेला मुलगा सांगतो म्हणजे तसेच असणार. ते म्हणाले, “तू लिही त्या मुंबईवाल्याईले. इंग्रजीत लिही. मराठीले थे भेत नाहीत.”

त्यांनी सांगितले आणि मी त्यांच्यासमोर लिहिले. शिक्क्याचे वर्णन, वजन, आसनाखालची चार अक्षरे. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवायला लावले. एक शब्दही कळत नसताना ते मान डोलावत ऐकत होते. पत्र पाकिटात घालून मी अमरावतीला नेले आणि टाकले नाही. दर सुट्टीत घरी गेलो की ते विचारत, “काही उत्तर?” मी नाही म्हणे, आणि ते म्हणत, मंग अजून एक टाकू. अशी मी सहा पत्रे लिहिली. प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. सहाव्याच्या वेळी ते अंथरुणावर होते. सही त्यांचीच हवी म्हणून मी त्यांच्या हातात पेन दिले. ज्या माणसाने मुंगीएवढी अक्षरे उलटी कोरली होती, त्याने ती चार अक्षरे कागदभर मोठी काढली. मी कागदाची घडी घातली आणि ‘उद्याच टाकतो’ म्हणालो.