आईंनी हट्ट धरला त्या दुपारी

माझे यजमान गेले आणि माझ्या तोंडून देवाचे आभार निघेनासे झाले. त्यांच्या आजारपणात आमच्या चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, पाळकसाहेब घरी येऊन गेले, मी गुडघे टेकून रडले; तरी ते राहिले नाहीत. रविवारी उपासनेला जायची मी, पण गीत सुरू झालं की नुसती उभी राहायची. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, तर पोटचा मुलगा गमावला होता. तरीही ताटावर बसल्या की त्या हात जोडून मोठ्यानं उपकार मानायच्या. त्यांच्या पुढ्यात बसून ते ऐकणं मला जड जायचं.

आम्ही सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. पुढच्या खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या खोलीवर पत्रे. आईंचे गुडघे धरल्यापासून त्यांचा पलंग मागच्याच खोलीत होता, मोरी जवळ पडते म्हणून. दुपारची भांडी आवरली की मी पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायांना तेल चोळायची.

त्या दुपारीही तशीच बसले होते, तेवढ्यात समोरच्या पद्माक्का दारात आल्या. ते तेलुगू घर, मागावर चादरी विणणारं. त्यांच्या सुनेचे दिवस भरले नव्हते आणि कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा रिक्षा आणायला धावला होता.

"आक्का, जरा येता का? पोरगी लई घाबरलीय," पद्माक्का म्हणाल्या. "तुमच्या येशूला सांगा की."

माझ्याच्यानं आता प्रार्थना होत नाही, हे त्यांना कसं सांगू? मी उठले. तर मागून आई म्हणाल्या, "मला पण ने."

"आई, बाहेर ऊन आहे. तुम्हाला उंबरा ओलांडवत नाही. मी आत्ता येते जाऊन."

"प्रार्थनेला बोलावलंय आणि मी हितं पडून राहू व्हय?"

कित्येक महिन्यांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. पद्माक्कांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. पावलापावलाला थांबत आम्ही बोळ ओलांडला. तिकडे पोर कळा देतेय आणि यांना आत्ताच हट्ट सुचावा, म्हणून मी मनातून धुसफुसत होते.

आईंना खुर्चीत बसवलं. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून मी डोळे मिटले. शब्द सुचेनात. "प्रभू, या लेकराला सांभाळ," एवढंच म्हणाले, तेही कोरडेपणानं.

आणि तेवढ्यात जमीन हादरली. आधी वाटलं, सिलिंडर फुटला. बाहेर येऊन पाहते तर आमच्या दारातून पाण्याचा लोंढा वाहत होता. लगतच्या इमारतीच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी सुटून आमच्या पत्र्यांतून खाली आली होती. मागच्या खोलीत पलंग उरलाच नव्हता. लोखंडी पाय फाकले होते, उशीवर टाकीचा भलामोठा तुकडा बसला होता आणि वर उघडं आभाळ दिसत होतं. मी रोज बसायची ती कडाही त्याच ढिगाखाली होती.

"आई कुठायत? माझ्या आई कुठायत?" मी प्रत्येकाला विचारत सुटले. पद्माक्कांनी माझे खांदे धरले. "आमच्या घरात हायत की, आक्का. आत्ता तुमीच आणलं त्यांना."

मला ते आठवेचना. आईंच्या खुर्चीपाशी नेऊन त्यांनी माझा हात आईंच्या हातात दिला, तेव्हा कुठं खरं वाटलं. रडू आलं नाही. मी तिथंच फरशीवर बसून राहिले. मधेच रिक्षा आली, सुनेला घेऊन गेली. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली. फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. ती पोर जगली. आता बोळात दुडदुडते.

मुक्कामाला आम्ही नणंदेकडे गेलो. तिथं मी आईंना विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं?"

"मला काय ठाऊक? जावंसं वाटलं."

मग इतके दिवस आत दाबलेलं बाहेर पडलं. "आपल्याला वाचवलं, मग तुमच्या मुलाला का नाही?"

आई म्हणाल्या, "कळत न्हाय गं. मी रोज विचारते देवाला. विचारते, आणि उपकारबी मानते."

टाकी कोसळली त्यापेक्षा मोठा धक्का मला त्या बोलण्याचा बसला. मी समजत होते, या बाईला प्रश्नच पडत नाहीत. तो प्रश्न उराशी घेऊनच ती रोज हात जोडत होती.

पुढच्या रविवारी उपासनेत मी मंडळीपुढं साक्ष द्यायला उभी राहिले. घडलं ते सांगितलं; का घडलं, ते सांगता आलं नाही. उत्तर मिळालं की आभार मानू, असं म्हणून मी आजवर अडून बसले होते. त्या दिवशी ते अडून बसणं सुटलं.

उत्तर अजून आलेलं नाही. प्रभू, तुझे उपकार.