डबा घेतला म्हणल्यावर

मंडळी, चाकणच्या एका कंपनीत मी एचआरला आहे. कामगारांच्या बसबद्दल सर्व्हे काढला की निम्मे फॉर्म परतच येत नाहीत. म्हणून यंदा चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला फॉर्मसोबत स्टीलचा डबा, दुसऱ्याला नुसता फॉर्म.

आज सकाळी दोन्ही गटांतून फॉर्म परत येण्याचं प्रमाण ताडून पाहिलं. डबेवाल्यांचे इतके जास्त फॉर्म आले होते की योगायोग म्हणायला जागाच नव्हती. साहेब खूश. म्हणाले, "पुढच्या वेळी सगळ्यांनाच डबे द्या."

मग मी उत्तरं वाचली. डबा न मिळालेल्यांचे फॉर्म थोडे, पण तक्रारींनी भरलेले. डबेवाल्यांचं मात्र एकच, बस छान आहे.

दुपारी कॅन्टीनमध्ये असेंब्ली लाइनवरच्या सुनीताताई भेटल्या. सेकंड शिफ्टनंतर बस त्यांना कुरुळी फाट्यावरच सोडते, पुढे अंधारात चालत जावं लागतं. बस गावात न्यायची का, हे याच सर्व्हेवरून ठरणार आहे.

"ताई, फाट्याचं लिहिलंत ना?"

"न्हाई ओ मॅडम. डबा घेतला म्हणल्यावर वाईट कसं लिहायचं? घ्यायचं बी आन् नावं बी ठेवायची व्हय?"

माझ्या गणितात चूक नाही. मी फक्त फॉर्म मोजत होते.

ताईंच्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं? कमेंटमध्ये खरं सांगा. इथे डबा मिळणार नाही.