साडूंची न डुलणारी होडी

ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या छत्रपती संभाजीनगरात होडी विकत घ्यायचं वेड एकाच माणसाच्या डोक्यात शिरलं असेल, आणि तो माणूस साडू म्हणून माझ्या वाट्याला आला.

साडू पडेगावात राहतात. निवृत्तीनंतर लोक साखर तपासून घेतात, गच्चीवर कुंड्या लावतात. साडूंनी मोबाइलवर कुणा परदेशी माणसाला कयाकमध्ये बसून मासे धरताना पाहिलं आणि कामातून गेले. कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट, अरुंद होडी, हे दूधवाल्यालासुद्धा पाठ झालं. "नुसती होडी नाय, पाव्हणं," ते मला म्हणत, "गळ टाकायला, डबा ठेवायला, पाठ टेकायला समदी सोय हाय." घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. त्यांना ती दोघांची हवी होती, आणि दुसरं माणूस म्हणजे अक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. अक्कांचं लहानपण सिल्लोडकडच्या खेड्यात शेळ्यांमागं गेलं. तिथं एकदा तळ्यात घसरून नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून त्यांनी बादलीपेक्षा मोठ्या पाण्याशी संबंध ठेवलेला नाही. "तुमी खुशाल जावा, मी काठावर बसंन," हे त्यांचं उत्तर. आणि "तू नाय तर मी बी नाय," हे साडूंचं. त्यामुळे साडू वर्षानुवर्षं कयाक नव्हे, अक्का ज्यात बसतील अशी न डुलणारी वस्तू शोधत राहिले.

हवा भरायची कयाक बाद झाली, कारण अक्कांनी विचारलं, "अन् गळ टोचला मंग?" पायडल मारायची बाद झाली ती अक्कांच्या गुडघ्यांमुळे. आत पाय सोडून बसायची उलटली तर माणूस बाहेर कसा येणार, म्हणून तीही गेली. शेवटी रुंद बुडाची, वर बसायची कयाक पसंत पडली, तर तिला आरपार भोकं निघाली. वर आलेलं पाणी त्या भोकांतून खाली निघून जातं, हे सिद्ध करायला साडूंनी पीठ चाळायची चाळणी टोपात सोडली. चाळणी बुडाली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मुद्दाम भोकं पाडलेली नाव आणायची, व्हय?"

जाकिटाचं प्रकरण तर आमच्या सगळ्या नात्यागोत्याला भोवलं. पाण्यात तरंगवणारं जाकीट बरोबर बसलंय का हे पाहायला दुसऱ्या कुणीतरी ते खांद्यांशी धरून वर ओढायचं असतं. ते कानापर्यंत आलं तर सैल. घरात पाऊल टाकलेल्या प्रत्येक पाहुण्यानं चहाआधी साडूंना उचललेलं आहे. पुतण्याच्या साखरपुड्याच्या फोटोत नवरदेवाशेजारी नारिंगी जाकिटातले साडू उभे आहेत. अंगवळणी पडायला हवं, हे त्यांचं स्पष्टीकरण.

एकदाची तीच भोकांची कयाक आली आणि गच्चीवर चढली. शेजारच्या चाचांनी कौतुकानं विचारलं, "आडवी टाकी ली क्या भाई? कित्ते लिटर की है?" साडूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण अक्कांनी ते मनावर घेतलं. नळाला पाणी आलं त्या दिवशी पिंप, हंडे, पातेली सगळं भरल्यावर त्यांनी कयाकच्या भोकांना बुचं ठोकली आणि पाय ठेवायचे खळगे काठोकाठ भरून टाकले. पुढच्या पाण्यापर्यंत त्यातून थेंब गळला नाही. आमच्याकडं भांड्यावर विश्वास बसतो तो असा. साडूंचे सारे व्हिडिओ जे करू शकले नाहीत ते त्या साठवणीनं केलं. धुणं वाळत घालता घालता अक्का म्हणाल्या, "एक डाव बसून बघते."

गेल्या हिवाळ्यात, रीतसर परवानगी काढून, आम्ही एका गावच्या तलावावर गेलो. मी काठावर राहिलो. पुढचं पाणी दिसू नये म्हणून अक्का साडूंकडं तोंड करून उलट्या बसल्या. साडूंनी दमानं वल्हं मारत होडी आत नेली, नांगर सोडला, गळ टाकून गळाची काठी होडीतल्या खोबणीत रोवली. तेवढ्यात होडी जराशी हलली आणि अक्कांनी दोन्ही हातांनी साडूंचा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं काठी वाकली. चांगली कमानीसारखी वाकली. मी काठावरून बोंबललो, "साडू, ओढा! लागलाय!" साडूंनी काठीकडं पाहिलं, मग अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी डोळे गच्च मिटले होते. साडूंनी हात सोडवून घेतला नाही. काठी थरथरली आणि पुन्हा सरळ झाली.

परतीच्या वाटेवर अक्का गाडीत मागच्या सीटवर झोपून गेल्या. साडू हळू आवाजात म्हणाले, "गळ हलका पडला, पाव्हणं. दुसरा बघावा लागंल." मी मान डोलावली. लग्नात दोन्ही जावयांना एकाच मापानं जोखणाऱ्या सासरच्या घरात मला साडूंचा कधी हेवा वाटला नव्हता. त्या संध्याकाळी वाटला.