पप्पांना पडायला शिकवणारी चॅम्पियन

बुधवारी सकाळी ऑफिसला निघत होते आणि दर्शनाचा फोन आला. "ताई, काका पडलेत. बरे आहेत, चालत घरी गेलेत. तुम्ही पॅनिक होऊ नका."

मी कोलशेतला, पप्पा ठाकुर्लीत एकटे. रिक्षात बसले तरी डोळ्यांसमोर फक्त मम्मी होती... बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणातून ती उठलीच नाही.

मम्मी गेल्यावर पप्पांनी पडण्याची धास्तीच घेतली. विहारात जाणं बंद, भाजीला जाणं बंद. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस... घरातल्या घरात भिंतीला हात लावत फिरायला लागला.

आता दर्शना कोण ते सांगते. ती आमच्या कोलशेतच्या कोळीवाड्यातली, वडील खाडीत मासेमारी करायचे. माझी लेक तिच्याकडे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. यात ठोसे-लाथा नसतात. जमिनीवरची झटापट असते, कुस्तीच्या जवळची... समोरच्याला असं अडकवायचं की त्याने थाप मारून हार मान्य करावी.

दर्शना त्यातली नॅशनल चॅम्पियन. परदेशातून मेडल आणलं तेव्हा कोळीवाड्याने बँड लावून तिला घरापर्यंत नेलेलं. मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन करून ती परत उतरली, परत जिंकली... आणि पुढच्याच स्पर्धेत तोच गुडघा पुन्हा गेला. डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलं. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती हो पोरीने.

कित्येक महिने ती कोणाला भेटायचीच नाही. शेवटी आईने मागे लागून लागून तिला मुलांचा क्लास सुरू करायला लावला. एकदा लेकीला आणायला गेले होते, तेव्हा बोलता बोलता पप्पांचं सांगितलं.  ती म्हणाली की आमच्याकडे पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात, मग ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना कोणीच कसं शिकवत नाही?

थोड्याच दिवसांत पप्पांच्या घराजवळच्या विहाराच्या हॉलमध्ये मॅट पसरल्या. दर रविवारी सकाळी, फक्त ज्येष्ठांसाठी. आधी ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारून, मग अगदी हळूहळू. हनुवटी छातीला लावायची, हात टेकायचा नाही, कुशीवर गोल व्हायचं. आडवं पडून कंबर मागे सरकवायची एक हालचाल असते, तिचं इंग्रजी नाव श्रिम्प. दर्शना सरळ कोळंबीच म्हणते. कोळणीच्या तोंडून ते ऐकून सगळे आजी-आजोबा हसतात.

पप्पा पहिल्यांदा गेले ते माझ्या हट्टाखातर. मॅटच्या कडेलाच उभे राहिले. दर्शना त्यांच्यासमोर स्वतः पडून दाखवत राहिली, तो दुखरा गुडघा घेऊन, पुन्हा पुन्हा. मग त्यांच्यापुढे हात करून घरच्या कोळी बोलीत, जिथे 'पडू'चं 'परू' होतं, म्हणाली, "काका, परायचा तं सगल्यांनाच हाय. मंग शिकून परू."

पप्पा खाली बसले. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही, आणि हळूहळू ते एकटे बाहेरही पडायला लागले.

तर बुधवारी काय झालं... भाजी घेऊन येताना उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये त्यांचा पाय अडकला. पडले, पण कुशीवर. लोक धावले, दंडाला धरून ओढायला लागले. पप्पा आडवे असतानाच त्यांना म्हणाले, "थांबा. मला माझ्या पद्धतीने उठू द्या."

आधी श्वास घेतला. हातपाय हलवून पाहिले. मग वळले, एक हात मागे टेकला, पाय अंगाखाली ओढून घेतला आणि उभे राहिले. कोणीतरी सांडलेली मेथी गोळा करून दिली.

घरी आल्यावर फोन लावला तो मला नाही, दर्शनाला... बरोबर पडलो का, हे विचारायला! मी पोचले तेव्हाही तेच चाललेलं. हनुवटी छातीला लागली होती, पण डावा तळहात टेकला गेला, म्हणून जरा नाराज होते.

तरी एक्स-रे काढलाच. तळहाताला सूज, बाकी काही नाही. ते ऐकलं आणि मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून खूप रडले. मम्मीच्या वेळचं राहिलेलं रडणंही त्यात असावं.

दर्शनाही क्लास सोडून आलेली. मी थँक यू म्हणायला गेले तर तीच बोलायला लागली. "ताई, मेडल आणलं तेव्हा सगळे म्हणाले, नाव काढलंस. पण गुडघा गेल्यावर वाटायचं, एवढं अंग मोडून शिकले, ते आता कोणाच्या कामाचं? आज काकांचा फोन आला ना..."  पप्पांनी तो सुजलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

काल रविवारी मीही हॉलवर गेले. पप्पांना आपलं पडणं करून दाखवायचं होतं, दर्शनाने परवानगी दिली नाही. मग सांगितलं मात्र अगदी रंगवून. ऐकणाऱ्यांत एक कांबळे आजी होत्या, पहिल्या दिवसापासून नुसत्या खुर्चीत बसून बघणाऱ्या. पप्पांचं सांगून झालं तशा त्या चपला काढून उठल्या, दर्शनाचा खांदा धरला आणि मॅटवर उतरल्या. सगळे जरा सरकले आणि त्यांना जागा करून दिली.

दर्शना, तुझी एकही मॅच मी कधी पाहिली नाही गं. पण काल आजींचा हात धरून तू गुडघ्यावर बसलीस, ते पाहिलं. माझे पप्पा माझ्याजवळ आहेत, ते घाबरत नाहीत... यासाठी तुझे आभार इथे सगळ्यांसमोर मानतेय.