एका कुटुंबाला एक मत

कुणी माइक धरून लोकशाही म्हणालं की माझं डोकं फिरतं. बायको गेल्यापासून जास्तच फिरतं.

आम्ही आखातात, दुबईजवळच्या अल ऐनला होतो तेव्हाची गोष्ट, नव्वद सालानंतरची. मी सनैयात, म्हणजे तिथल्या गॅरेजांच्या वस्तीत, फोरमन होतो. शिक्षण सातवी. आमच्या मराठी मंडळात बाकी सगळे इंजिनियर, अकाउंटंट, बँकवाले. दरवर्षी कुणाच्या तरी व्हिलात गणपती बसायचा आणि शुक्रवारी, सुट्टी म्हणून, दुपारी महाप्रसाद. तिथली ऑगस्ट-सप्टेंबरातली दुपार म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. तसल्या उन्हात बायका सकाळपासून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुऱ्या तळायच्या आणि पुरुष आत एसीत बसून आरत्यांचा क्रम ठरवायचे. शेडमध्ये पुढारीण आमची ही. तिला छातीचं दुखणं होतं, गोळ्या चालू होत्या. तिचं मागणं एवढंच, की महाप्रसाद संध्याकाळी करा, ऊन उतरू द्या.

पण मागायचं कुठं? मंडळाची घटना होती. एका कुटुंबाला एक मत, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाचं. मी सभेत दोन वर्षं हात वर केला. दोन्ही वेळा माझा एकट्याचाच. अध्यक्ष गोड हसून म्हणायचे, "काका, बहुमत आहे. लोकशाही आहे ना आपल्याकडे?" दुपारच का, तर अध्यक्षांचे साहेबलोक दुबईहून जेवायला यायचे आणि त्यांना अंधारायच्या आत परतायचं असायचं.

मुलगी तेव्हा शाळेत जुन्या ग्रीसचा धडा शिकत होती. इंग्रजीत वाचायची आणि आईसाठी अर्धंमुर्धं मराठी करून सांगायची. अथेन्स नावाचं शहर. राजा नाही. माणसं टेकडीवर जमायची, कुणीही उठून बोलायचं, हात वर करून ठरवायचं. कारभारी बरेचसे चिठ्ठ्या टाकून निवडायचे.

"अगं, ही तर भिशी!" आमची ही म्हणाली. भिशीच्या चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा तेव्हा तिच्या मांडीवरच होता.

"नो आई, इट्स गव्हर्नमेंट."

"असू दे. एकदा चिठ्ठी लागली की परत लागते का?"

मुलीनं पान उलटलं. "त्यांच्या कौन्सिलमध्ये आयुष्यात फक्त दोनदा. ट्वाइस. खलास."

"ऐका," ही मला म्हणाली. "आणि आपले अध्यक्ष मंडळ निघाल्यापासून तेच." मग तिनं विचारलं, "बायका काय बोलायच्या गं त्या टेकडीवर?"

"बायकांना अलाउड नव्हतं. गुलामांना पण नाही. बाहेरून आलेल्या लोकांना पण नाही. त्यांनी टॅक्स भरायचा, लढाईला जायचं, आणि एक तिथला माणूस त्यांना जामीन लागायचा."

"कफील!" मी ओरडलो. आम्हालाही तिथं राहायला असाच एक तिथला जामीनदार लागायचा, त्याला कफील म्हणत. तिघंही पोट धरून हसलो. पुढं आणखी होतं. एखादा फारच डोईजड झाला, की लोक मडक्याच्या तुकड्यांवर त्याचं नाव कोरायचे आणि त्याला दहा वर्षं शहराबाहेर काढायचे.

"म्हणजे व्हिसा कॅन्सल," ही म्हणाली. "आणा हो एक मडकं. अध्यक्षांसाठी मी स्वतः फोडते."

आता कुणी म्हणेल, मग राग त्या देशावर काढ. का काढू? त्यांनी सरळ सांगितलं होतं, काम करा, पगार घ्या, कागद संपले की घरी जा. आम्हाला कारभारात घेतो असं कधी बोलले नाहीत. राग आहे तो आमच्या माणसांचा. इथल्या राज्यात आपल्याला मत नाही म्हणून चहा पिता पिता हळहळायचं, आणि स्वतःच्या मंडळात स्वतःच्याच बायकांना मत द्यायचं नाही. अथेन्सवाले निदान मरून गेले. ह्यांना कुणी विचारायचं?

हिनंच विचारलं. पुढच्या सभेत तो डबा घेऊन गेली आणि टेबलावर ठेवला. "ह्यात सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या आहेत. अध्यक्ष ह्यातून काढा. ज्याचं झालंय त्याची चिठ्ठी बाजूला."

"वहिनी, ही भिशी नाही हो," अध्यक्ष म्हणाले.

"तेच म्हणते मी. भिशीत दरवेळी एकच नाव निघालं तर आम्ही डबा तपासतो."

मागं बसलेल्या बायका हसल्या. पुरुषांतलं कुणी हसलं नाही. खजिनदार म्हणाले की मत कुटुंबाचं असतं, तेव्हा काकांनी बोलावं. मी म्हणालो, "तिनं मांडलं तेच माझं." हात वर झाले. पडलो आम्ही. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तेवढं चहाचं बघता का?"

तिनं चहा केला. सगळ्यांना दिला. अध्यक्षांना साखर जास्त लागते हेसुद्धा विसरली नाही. ते आठवलं की आजही दात आवळले जातात माझे.

तो गणपती दुपारीच झाला. हिवाळ्यात ती गेली. शेडमुळे गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण छाती धरून त्या पत्र्याखाली उभी राहिलेली मी तिला पाहिली आहे, आणि ते मला कुठल्याच सभेत ठरावानं पुसता येत नाही.

पुढच्या सभेत सगळे तिच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले. मग अध्यक्ष म्हणाले, "वहिनींच्या स्मरणार्थ यंदाचा महाप्रसाद. वेळ नेहमीचीच, दुपारची." मी हात वर केला. पुन्हा एकटाच.

मंडळाचे गॅस सिलिंडर दरवर्षी माझ्या पिकअपमधून यायचे. शुक्रवारी सकाळी फोन सुरू झाले. "काका, सिलिंडर?"

"येतील. इन्शाल्ला."

शुक्रवारी सकाळी गॅसवाला बंद असतो, हे त्यांनाही माहीत होतं. ऊन कलल्यावर मी पिकअप व्हिलाच्या दारात लावली. साहेबलोक फरसाण खाऊन परतले होते. अध्यक्ष फाटकात उभे.

"काका, ही कसली हुकूमशाही? सभेत ठरलं होतं ना?"

"ज्यांनी ठरवलं त्यांनी तळायच्या होत्या पुऱ्या. यल्ला, बाजूला व्हा."

बायकांनी शेगड्या शेडमधून बाहेर अंगणात ओढल्या. वारा सुटला होता. दिवे लागल्यावर पंगत बसली आणि जो तो म्हणायला लागला, संध्याकाळी किती बरं वाटतं, हे आधी कसं सुचलं नाही? सुचलं होतं. जिला सुचलं तिला तुम्ही चहा करायला पाठवलंत. मी जेवलो नाही.

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज नॉट डेमोक्रसी."

"माहीत आहे."

"कुणाला न विचारता जो सत्ता हातात घ्यायचा त्याला ते लोक टायरंट म्हणायचे."

"म्हणू देत. तुझ्या आईचा हात एकदा मोजला असता, तर सिलिंडर सकाळीच पोचले असते."

मोदकांचा डबा मुलीनं पोटाशी धरला होता.

पुढच्या वर्षी मंडळानं गॅस दुसरीकडून मागवला, गुरुवारीच. महाप्रसाद दुपारी झाला. बायका पत्र्याखाली, पुरुष एसीत, अध्यक्ष तेच. बहुमतानं.